आधी अंथरूण नीट बघा!

कॉलेजसाठी घर सोडताना सोबत न्यायच्या सामानाची यादी घरोघरी जवळपास सारखीच असते. बादली, मग, कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड, चिवडा-लाडवांचे डबे आणि जमलंच तर नवा लॅपटॉप. लॅपटॉपसाठी महिनाभर रिव्ह्यू बघितले जातात. रॅम किती, प्रोसेसर कोणता यावर ग्रुपवर भांडणं होतात. गादी मात्र रूमची किल्ली मिळाल्या दिवशी, संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या पहिल्या दुकानातून उचलायची आणि रिक्षात कोंबून आणायची. ‘झोपायचंच तर आहे!’ असं म्हणत.

जरा हिशोब करून बघा. तुमच्या वयाला रोज ७ ते ९ तास झोप हवी, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे दिवसाचा जवळपास तिसरा हिस्सा तुम्ही त्या गादीवर असणार. आणि हे फक्त झोपेचं झालं. पुण्यात सदाशिव किंवा नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी कितीतरी मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. तिथे खोली नाही, कॉट भाड्याने मिळते. ६ बाय ३ ची कॉट म्हणजे १८ चौरस फूट. अभ्यास तिथेच, डबा तिथेच, रात्री घरी फोन तिथूनच, आणि निकाल मनासारखा लागला नाही की भिंतीकडे तोंड करून पडायचं तेही तिथेच. त्या शहरात तुमची म्हणावी अशी जागा तेवढीच. मग ती धड नको?

धड म्हणजे महाग नव्हे. स्वस्तातही चांगली गादी मिळते, फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

गादीच्या आधी कॉट

दुकानात जाण्याआधी मेजपट्टी काढा. हॉस्टेलच्या आणि पीजीच्या कॉटची मापं एकसारखी नसतात. कुठे ६ बाय ३, कुठे ६ बाय अडीच, तर कुठे मधलंच काहीतरी. अंदाजाने आणलेली गादी एका बाजूने लोंबते, नाहीतर भिंतीशी फट ठेवते. तुमची उंची ५ फूट १० इंचांच्या वर असेल तर ६ फुटांची गादी अपुरी पडते, पण कॉटच ६ फुटांची असेल तर तिथे गादी बदलून काही होणार नाही. ते रूम घेतानाच बघायला हवं.

मग कॉटवर काय लावलंय ते बघा. लोखंडी जाळी मधोमध खाली गेली असेल, तर तिच्यावर कितीही भारी गादी टाका, तीही तशीच खाली जाणार. अशा वेळी जाळीवर कॉटच्या मापाचा प्लायवूड टाकला की अर्धं दुखणं तिथेच मिटतं. रूममालकाकडे आधी तोच मागा. बऱ्याचदा गादीला उगाच शिव्या बसतात, दोष जाळीचा असतो.

मऊ की कडक?

यात दोन पार्ट्या आहेत. एका पार्टीला वाटतं मऊ म्हणजे आरामदायी. दुसरी पार्टी, बहुतेक काका-मामा मंडळींची, म्हणते की पाठ चांगली हवी तर जमिनीवर नाहीतर फळीवर झोपा. दोघांचंही पूर्ण बरोबर नाही. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. बरेच दिवस कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी बघितलं, तर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झाला होता.

याचं कारण समजायला सोपं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंब थोडे आत गेले पाहिजेत, नाहीतर सगळा भार त्यांच्यावरच येतो. पण कंबर खाली जाता कामा नये, नाहीतर पाठीचा कणा रात्रभर वाकलेला राहतो. थोडं आत घेणारी आणि तरी कंबर उचलून धरणारी गादी म्हणजे मध्यम कडक. ती प्रत्येकाची वेगळी. ४५ किलोच्या मुलीला कडक वाटणारी गादी ८५ किलोच्या मुलाखाली मऊ पडते. म्हणून रूममेटने घेतली तीच आपण घ्यायची, असं करू नका.

पोटात काय आहे?

दुकानात नावं भरमसाट असतात. ‘ऑर्थो’, ‘लक्झरी’, ‘ड्रीम’ वगैरे. ही मॉडेलची नावं झाली, आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. तुमच्या बजेटमध्ये मुख्यतः तीनच गोष्टी येतात, कापूस, काथ्या आणि फोम.

कापसाची गादी आपल्याकडची सगळ्यात जुनी. पिंजारी, नदाफ, मन्सुरी मंडळींचा हा पिढीजात धंदा. धनुकलीची तात वाजवत दारोदार फिरणारे पिंजारी आता क्वचित दिसतात, काम मशीनवर गेलंय. पण ‘गादी कारखाना’ अशी पाटी बहुतेक गावांत आणि शहरांच्या जुन्या भागात अजून सापडते. तिथे गादी तुमच्या कॉटच्या मापाने समोर भरून मिळते. कापसाचा किलोचा भाव, वरचं कापड आणि मजुरी असा सरळ हिशोब असतो. सिंगल गादीत साधारण ८ ते १० किलो कापूस जातो. उन्हाळ्यात ही गादी अंगाखाली तापत नाही. वर्षा-दोन वर्षांनी कापूस दबतो, गोळे होतात. तेव्हा ती फेकायची नाही, उसवून, पिंजून, पुन्हा भरून घ्यायची. त्याच कापसात गादी नवी होते.

मात्र कापूस म्हणून काय भरलंय ते बघा. फार स्वस्तात मिळणाऱ्या तयार गादीत कापडाच्या चिंध्या पिंजून केलेला रंगीबेरंगी लगदा असू शकतो. कोपरा उसवून दाखवायला सांगा. धागा खरंच सुती आहे का अशी शंका आली तर चिमूटभर पुंजका दुकानाबाहेर, मोकळ्या जागी, जळती काडी लावून बघा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या सोडणाचे धागे रबराच्या चिकाने एकमेकांना चिकटवून केलेली. कडक असते, हवा खेळती राहते, सहसा बऱ्यापैकी टिकते. कुशीवर झोपणाऱ्यांना ती टोचते, खांदा दुखतो. त्यावर उपाय तुमच्या घरात कपाटावर ठेवलेला असेल, आजीची गोधडी. काथ्याच्या गादीवर एक जाड गोधडी टाकली की झाली मध्यम कडक. दुकानात यालाच ‘टॉपर’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

तिसरा फोम. वजनाला हलका, रूम बदलताना गुंडाळून नेता येतो, म्हणून विद्यार्थ्यांना सोयीचा. पण सगळ्यात जास्त फसवणूकही यातच होते. त्याबद्दल पुढे बोलूच. मेमरी फोमची जाहिरात तुम्ही बघितली असेल. १९६६ मध्ये अमेरिकेत नासासाठी, विमानातल्या सीटवर बसणाऱ्याला धक्का कमी लागावा म्हणून हा फोम तयार झाला. उष्णतेने तो मऊ होतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. एसी खोलीत ठीक. एप्रिल-मेमध्ये अकोल्यात किंवा चंद्रपुरात पंख्याखाली झोपणाऱ्याने दोनदा विचार करावा.

वजनकाटा खोटं बोलत नाही

फोमच्या गादीचा कस तिच्या घनतेत असतो. दुकानदार याला ‘डेन्सिटी’ म्हणतात. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. इथे एक घोळ होतो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. डेन्सिटीवरून गादी किती टिकेल त्याचा अंदाज येतो. कमी डेन्सिटीचा फोमसुद्धा दुकानात कडक लागू शकतो, पण काही महिन्यांत त्यात तुमच्या आकाराचा खड्डा पडतो. रोज झोपायला साधारण ३२ च्या खाली जाऊ नका. ४० मिळाली तर उत्तम.

दुकानदार ‘चाळीसची आहे’ म्हणाला तर विश्वास ठेवायचा का? गरज नाही, वजन करा. ६ बाय ३ फुटांची, ४ इंच जाडीची गादी म्हणजे ६ घनफूट, म्हणजेच ०.१७ घनमीटर. डेन्सिटीला ०.१७ ने गुणा. ४० ची असेल तर फोमचं वजन ६.८ किलो यायला हवं. ३२ ची असेल तर सुमारे साडेपाच. आणि काट्यावर कव्हरसकट साडेतीनच भरली, तर तो फोम विसाच्या आसपासचा आहे. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असेल तर सोबत न्या. ऑनलाइन घेत असाल तर गादीच्या माहितीत वजन दिलंय का ते शोधा आणि हेच गणित करा. गादी पूर्ण फोमची असेल तरच हे लागू पडतं. फोमचे तुकडे दाबून केलेला ‘रिबॉन्डेड’ थर असेल तर वजन खूप जास्त येतं आणि गादी कडक लागते.

दुकानात झोपायची लाज नको

तळहाताने दाबून गादी कळत नाही. चपला काढा आणि खरंच आडवे व्हा, १० मिनिटं, ज्या कुशीवर रोज झोपता त्याच कुशीवर. कोणी हसलं तर हसू दे. उताणं झोपून कमरेखाली हात सरकवून बघा. हात आरपार सहज जात असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. अजिबात शिरत नसेल तर मऊ. कुशीवर झोपलात की मित्राला मागून फोटो काढायला सांगा. मानेपासून कमरेपर्यंतची रेष सरळ दिसली की ती गादी तुमची.

ऑनलाइन कंपन्या १०० रात्रींची ट्रायल देतात. सोय चांगली आहे, पण अटी आधी वाचा. तुमच्या पिनकोडवरून ते गादी परत नेतात का? डाग पडला तर चालतं का? वॉरंटीत किती खोल खड्डा पडल्यावर गादी बदलून मिळते? आणि पॅकिंग उघडण्याआधी व्हिडिओ काढून ठेवा.

सीनियर रूम सोडताना गादी स्वस्तात देऊन जातात. घ्यायला हरकत नाही, पण आधी ती दिवसाउजेडी बघा. शिवणीच्या कडा उलगडा. काळे ठिपके, सुकलेल्या रक्ताचे डाग किंवा फिकट टरफलं दिसली तर फुकटातही नको. ढेकूण काही न खाता कित्येक महिने जगतात. एकदा रूममध्ये आले की तुमची पुस्तकं, बॅग, सगळ्यात शिरतात आणि सुटीत तुमच्यासोबत घरीही येतात.

ऊन कोणाला, सावली कोणाला

गादी घेतली की काम संपत नाही. कापसाच्या गादीला महिन्यातून एकदा कडक ऊन दाखवा, ती फुलून येते. फोमला मात्र थेट ऊन देऊ नका, उन्हाने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्याला सावलीत, वाऱ्यावर ठेवा. जमिनीवर गादी टाकत असाल तर खाली चटई हवी, आणि सकाळी उठल्यावर ती उभी करून ठेवा. अंगाचा घाम खाली उतरतो, थंड फरशीमुळे ओल धरते आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, काही दिवसांतच खालच्या बाजूला बुरशी दिसते. दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा, म्हणजे गादी एकाच जागी दबणार नाही.

आता पैशाचं. समजा, १,२०० रुपयांची गादी वर्षभरात बसली. तुम्हाला ती महिन्याला १०० रुपयांना पडली, वर पाठदुखी फुकट. ३,००० रुपयांची गादी डिग्रीची चार वर्षं टिकली तर महिन्याला साडेबासष्ट रुपये, म्हणजे रात्रीला साधारण दोन. कटिंग चहा त्याहून महाग आहे! एकदम ३,००० निघत नसतील तर कारखान्यातून कापसाची भरून घ्या. पुढे पिंजून घ्यायला नव्या गादीइतके पैसे लागत नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. दुखणं काही आठवडे टिकलं, पायात कळ जायला लागली किंवा मुंग्या यायला लागल्या, तर नवी गादी शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते पैशांबद्दल असतं. घरचे पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवत असतील तर स्वतःसाठी गादी घेताना मन कचरतं, हे खरंच आहे. ‘चार वर्षांचाच प्रश्न आहे, कसंही निभावून नेऊ’ असं वाटतं. पण घरच्यांनी तुम्हाला शिकायला पाठवलंय, आणि रात्रभर कुशी बदलणारा मुलगा सकाळच्या लेक्चरला नुसताच हजर असतो. तेव्हा आईला फोन कराल तेव्हा ‘गादी घेतली, चांगली आहे’ एवढं सांगा. रॅम किती आहे यापेक्षा ते ऐकून तिला जास्त बरं वाटेल.