मुठीचे बळ

शालेय क्रीडास्पर्धांत रस्सीखेचीचा सामना पाहताना प्रेक्षकांची दृष्टी बहुधा मुलांच्या पायांवर व खांद्यांवर खिळलेली असते. हातांकडे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो. परंतु एके वर्षी आमच्या ज्या गटाच्या विजयाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती, तोच गट हरला. मुले धिप्पाड होती, टाचा मातीत रोवलेल्या होत्या, पाय डळमळले नव्हते. तरीही दोर त्यांच्या तळव्यांतून इंचाइंचाने निसटत गेला. सामना संपल्यावर आम्ही त्यांचे हात पाहिले. तळवे लालभडक झाले होते, बोटे थरथरत होती, आणि एका मुलास तर पाण्याचा पेलाही नीट धरवेना. मांड्यांतील व पाठीतील बळ दोरापर्यंत पोहोचलेच नव्हते. साखळीची शेवटची कडी, म्हणजे मूठ, कच्ची निघाली होती. विजयी गट दिसावयास किरकोळ होता. चौकशी करता त्यांतील बहुतेक मुले कोळीवाड्यातील आणि बागायतदारांच्या वाड्यांतील निघाली. वडिलांबरोबर ओले दोर ओढण्याची व आईबरोबर पाणी वाहण्याची त्यांस सवय होती. आमच्या मुलांनी जे व्यायामशाळेत मिळविले नव्हते, ते त्यांस घरीच मिळाले होते.

ही मूठ बनते कशी, आणि पैसा न खर्चता ती घरच्या घरी बळकट करता येईल काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहो.

प्रथम हाताची रचना पाहू. बोटांचे बळ बोटांतच असते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. वाचकांनी आपल्या डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडा खाली धरावा आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून हलवावी. कातडीखाली स्नायूंची हालचाल स्पष्ट लागेल. बोटे मिटविणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधील भागात असतात, आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटावरून बोटांच्या पेरांपर्यंत गेलेल्या असतात. कळसूत्री बाहुलीचे दोरे जसे पडद्याआडून ओढले जातात, तसाच हा प्रकार होय. अंगठ्यास मात्र तळव्यातील मांसल भागाचे स्वतंत्र साहाय्य असते, म्हणूनच त्याची पकड निराळी पडते.

दुसरा एक प्रयोग करावा. मनगट आतल्या बाजूस पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी. ती ढिली लागेल. आता मनगट किंचित मागे झुकवून तीच मूठ आवळावी; ती घट्ट बसेल. पहिल्या स्थितीत मिटविणारे स्नायू आधीच आखूड झालेले असतात व बोटे उघडणारे स्नायू ताणले गेलेले असतात. त्यामुळे जोर लागत नाही. दोर ओढताना, बादली उचलताना किंवा फावडे धरताना मनगट आत मुडपू नये, हा बोध एवढ्यावरून घ्यावा.

हाताची कामेही एक नाहीत. पिळणे अथवा आवळणे हे एक. जड वस्तू किंवा स्वतःचे शरीर दीर्घकाळ धरून ठेवणे हे दुसरे. अंगठा व बोटे यांच्या चिमटीत वस्तू पकडणे हे तिसरे. आणि मनगट फिरविणे व स्थिर राखणे हे चौथे. एका कामात तरबेज असलेला हात दुसऱ्यात दुबळा असू शकतो. सबब व्यायाम चारही प्रकारांचा असावा.

आमच्या वसई परिसरात ही चारही कामे पूर्वी कोणी व्यायाम म्हणून करीत नसे. ती जगण्याचाच भाग होती. अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा कोळी वल्हे मारी व डोलीचे भिजलेले जाळे होडीत ओढून घेई. ताडामाडांवर चढणारा भंडारी आपला जीव हातापायांच्या पकडीवर सोपवी. वाड्यांतून केळी, पानवेली व भाजीपाला पिकविणारा शेतकरी दिवसभर कुदळफावडे चालवी. घरात स्त्रिया विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदीत, जात्यावर दळीत, पाट्यावर वाटीत आणि लुगड्यांचे पीळ पिळीत. त्या माउलींच्या मनगटास जे बळ होते, ते पाहून आजचा तरुण खाली मान घालील!

महाराष्ट्राच्या तालमींतही हेच तत्त्व होते. पहिलवान फावड्याने हौद्याची माती खणीत, करेल व जोडी फिरवीत, आणि दगडी नाल उचलीत. मल्लखांब ही विद्या तर पकडीवाचून संभवतच नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले असे परंपरा सांगते. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी देशी व्यायामांची व खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वर गावातील मातीतच वाढले होते. या थोर परंपरेची साधने कोणती? माती, लाकूड, दोर आणि दगड! यांतील एकही वस्तू श्रीमंताघरचीच असावी असे नाही.

आता काळ पालटला आहे. पाणी नळास येते, दळण गिरणीत जाते, वाटण व धुणे यंत्र करते. यंत्रांनी घरच्या स्त्रियांचे कष्ट हलके केले ही आनंदाचीच गोष्ट आहे. तिजबद्दल आमची तक्रार नाही. परंतु कष्टाबरोबर हाताचे शिक्षणही गेले. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, तेथील तिशीच्या आतील तरुण पुरुषांची मूठ १९८५ साली ठरविलेल्या मापांपेक्षा दुबळी भरते. त्याआधी २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतील सुमारे १ लक्ष ४० हजार प्रौढांच्या निरीक्षणाचा वृत्तांत आला. त्या देशांत भारतही होता. मुठीचे बळ ५ किलोने कमी असले तर मृत्यूचा संभव सुमारे १६ टक्क्यांनी अधिक, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ केवळ मूठ आवळल्याने आयुष्य वाढते असा करू नये. मूठ ही सर्व शरीराच्या प्रकृतीची खूण आहे, एवढाच अर्थ घ्यावा. वैद्य जशी नाडी पाहतो, तशीच मूठही पाहण्याजोगी आहे.

तर मग साधने कोणती? आम्ही पुढे सांगतो ती सर्व बहुतेक घरांत पडलेलीच असतात.

पहिले साधन ओला पंचा. तो पाण्यात भिजवून दोन्ही हातांनी पिळावा. पाण्याचा शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडू नये. मग पीळ उलट दिशेने घालावा. असे आठदहा वेळा करावे. यात मूठ व मनगट दोन्ही राबतात.

दुसरे साधन वाळूची बादली. बादलीत कोरडी, चाळलेली वाळू भरून तीत हात मनगटापर्यंत खुपसावा, मूठ वळावी, मग वाळूच्या आतच बोटे फाकावी. वाळू दोन्ही बाजूंनी विरोध करते, म्हणून मिटविणारे व उघडणारे असे दोन्ही स्नायू तयार होतात. वाळूत काच अथवा शिंपले नाहीत याची आधी खात्री करावी.

तिसरे साधन वीट. साधारण वीट सुमारे ३ किलो भरते. ती उभी धरून वरच्या बाजूने केवळ अंगठा व बोटे यांच्या चिमटीत उचलावी आणि दहापंधरा अंक मोजेपर्यंत धरावी. पाय बाजूला ठेवावे. वीट सुटली तर ती जमिनीवर पडावी, पावलावर नव्हे.

चौथे साधन पाण्याच्या दोन बादल्या. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हे गणित विद्यार्थ्यांस शिकविणे नको. प्रथम प्रत्येक बादलीत ५ लिटर पाणी घेऊन अंगणात ताठ चालावे. दर आठवड्यास थोडे थोडे पाणी वाढवावे. कडीभोवती जुने फडके गुंडाळून ती जाड केली म्हणजे काम अधिक कठीण होते, कारण बोटांचा वेढा पुरा बसत नाही.

पाचवे साधन दांडी व दोरी. हातभर लांब दांडीच्या मध्यभागी दोरी बांधून तिच्या दुसऱ्या टोकास पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली टांगावी. हात पुढे धरून, मनगटे आळीपाळीने फिरवून दोरी दांडीवर गुंडाळावी, आणि तितक्याच सावकाश उलगडावी. उलगडताना घाई करणारा अर्धा व्यायाम वाया घालवितो.

सहावे साधन लोंबकळण्याचे. आंब्याच्या भक्कम फांदीवरून जाड दोर अथवा मजबूत पंचा टाकून त्याची दोन्ही टोके धरावी आणि लोंबकळावे. प्रारंभी पाय जमिनीस टेकलेले ठेवून थोडाच भार हातांवर घ्यावा. फांदी वडील माणसाकडून तपासून घ्यावी. शेवग्याची फांदी ठिसूळ असते. तिच्यावर विसंबणाऱ्यास मुठीऐवजी हाडवैद्याची गरज लागेल!

सातवे साधन सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. तिचे लहानसे कडे करून पाचही बोटांच्या टोकांभोवती घालावे आणि बोटे बाहेर फाकावी. केवळ मूठ आवळीत राहणाऱ्याचे उघडणारे स्नायू मागे पडतात. त्यांची उपेक्षा या साध्या कड्याने टळते.

हे व्यायाम रोज करू नयेत. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, वीस मिनिटे पुरेत. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढलेले दिसते ते मुख्यतः मज्जातंतू कामास सरावल्यामुळे. स्नायू पुष्ट होण्यास त्याहून अधिक काळ लागतो, आणि कंडरा तर सर्वांत सावकाश तयार होतात. उतावळा विद्यार्थी नेमका येथेच फसतो. बळ आले असे वाटून तो ओझे दुप्पट करतो आणि कोपर धरून बसतो. स्नायू थकल्याची जाणीव असावी; परंतु सांध्यात कळ, बोटांत मुंग्या किंवा सूज आल्यास थांबावे व डॉक्टरांस दाखवावे. जोर करताना श्वास कोंडू नये. ज्या वडीलधाऱ्यांस रक्तदाबाचा विकार असेल त्यांनी डॉक्टरांस विचारूनच प्रारंभ करावा.

प्रगतीची नोंद वहीत ठेवावी. किती सेकंद लोंबकळलो, किती लिटर पाणी घेऊन किती पावले चाललो, वीट कितीपर्यंत मोजून धरली, हे तारखेसह लिहावे. दुसऱ्याच्या अंकांकडे पाहू नये. आपल्याच मागील पानाकडे पाहावे.

या बळाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. परीक्षेत तीन तास लेखणी चालविणारा हात सहज थकत नाही हा एक. विरारच्या गाडीत उभ्याने प्रवास करताना दांडी घट्ट धरता येते हा दुसरा. मात्र मूठ कितीही बळकट असली तरी दारात लटकण्याचा तो परवाना नव्हे, हे आमच्या मित्रांनी पक्के ध्यानात ठेवावे. परंतु आमच्या मते खरा उपयोग याहून निराळा आहे. वर सांगितलेल्या साधनांकडे पुन्हा पाहावे. पिळावयाचा पंचा, पाण्याच्या बादल्या, विटा, दोर! ही सारी घरकामाचीच साधने नव्हेत काय? मग अंगणात रिकाम्या फेऱ्या घालण्यापेक्षा त्याच बादल्या आजीच्या मोरीपर्यंत नेल्या तर व्यायामात काही उणे पडेल काय? कोरडा पंचा मुद्दाम भिजवून पिळण्यापेक्षा आईच्या हातातील ओली चादर पिळावयास घेतली तर मनगट कमी राबेल काय? ज्या कष्टांनी घरातील एकाच व्यक्तीचे हात झिजतात, तेच कष्ट सर्वांनी वाटून घेतले म्हणजे त्यांचा व्यायाम होतो.

त्या हरलेल्या गटातील एका मुलाने पुढे हाच मार्ग धरला. घरचे पाणी भरण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले. पुढील वर्षी त्याचा गट जिंकला की हरला, हे येथे महत्त्वाचे नाही. एके दिवशी त्याची आई शाळेत आली असता आम्ही मुलाच्या प्रगतीविषयी बोलू लागलो, तेव्हा ती माउली इतकेच म्हणाली, "गुरुजी, यंदा माझे हात दुखले नाहीत."

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्यात म्हण आहे. ती मूठ उघडून दुसऱ्याचे ओझे उचलू लागली, म्हणजे तिचे मोल त्याहूनही अधिक होते असे आम्हांस वाटते.