गिअरबॉक्स उतरवण्याआधी

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची एमआयडीसी लागते. रसायनांपासून कॅमशाफ्टपर्यंत नाना तऱ्हेचा माल इथे तयार होतो आणि तो सगळा ट्रकमधूनच बाहेर पडतो. वजनकाट्यासमोर भरलेल्या गाड्यांची रांग लागली की ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी वीतभर पुढे घेतो, थांबतो, पुन्हा घेतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. हायवेवर शेकडो किलोमीटर पळून झिजत नाही इतकी क्लच प्लेट अशा एका रांगेत झिजते.

त्यामुळे क्लच स्लिप मारायला लागला की प्लेट बदलायची हे ठरलेलंच. पहिल्या खेपेला ते बरोबरही असतं. पण प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असं अख्खं किट नवं टाकूनही थोड्याच दिवसांत तेच दुखणं परत आलं, तर मूळ बिघाड दुसरीकडे आहे असं धरून चालावं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला की मजुरी जाते, भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आधी गाडी जागेवर तपासून घ्यावी.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत गिअर अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. बंद गाडीतही अडत असतील तर दोष लिंकेजमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे. तिथे नवी प्लेट काय करणार? पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर नीट पडू लागला, तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. उलटा प्रकारही होतो. होज आतून फुगून बंद झाला किंवा मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र उघडलं नाही, की पाय काढल्यावरही लाइनमध्ये दाब अडकून राहतो. बेअरिंग प्रेशर प्लेटला रेटत राहतं आणि कोरी करकरीत प्लेट हकनाक जळते. पेडलला फ्री प्ले आहे का, एवढं हाताने दाबून पाहिलं तरी याचा संशय येतो.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर जुनी प्लेट भंगारात टाकू नये. उजेडात धरून दोन्ही बाजू पाहाव्यात. फ्लायव्हीलकडची बाजू काळ्या तेलाने माखली असेल तर क्रँकचं मागचं सील गळतंय. गिअरबॉक्सकडच्या बाजूला गंधकासारख्या उग्र वासाचं तेल असेल तर इनपुट शाफ्टचं सील गेलंय. लायनिंग काचेसारखं चकचकीत झालं असेल तर ते तापून भाजलंय. मग फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक चिरा असणारच, आणि लेथवर तो साफ केल्याशिवाय नवी प्लेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

हबच्या स्प्रिंगा तुटल्या असतील किंवा प्लेट वाकली असेल, तर मात्र मागची दुरुस्ती आठवावी. गिअरबॉक्स चढवताना जॅक नीट लावला नाही की त्याचं सगळं वजन इनपुट शाफ्टमधून प्लेटच्या हबवर लोंबकळतं. क्षणभरात प्लेट वाकते. असा क्लच पहिल्या दिवसापासूनच पूर्ण सुटत नाही, आणि दोष मात्र कंपनीच्या मालाला दिला जातो. बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना हरवल्या असतील तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहत नाहीत. वारंवार उघडलेल्या गाड्यांत ही पिन हमखास गायब असते. बोल्ट घट्ट आहेत ना, मग झालं, अशी समजूत असते.

क्लचचं दुखणं अंगावर काढलं की ते गिअरबॉक्सपर्यंत जातं. कॅडिलॅकने १९२८ साली सिंक्रोमेश आणला, त्याआधी ड्रायव्हरला डबल क्लच मारून फिरकीचा मेळ जमवावा लागे. आता तो मेळ सिंक्रोनायझरची कडी जमवते. क्लच अर्धवट सुटला तर त्या कडीला नुसता गिअरच नाही, वर फिरतं इंजिनही रोखावं लागतं, आणि ती झपाट्याने झिजते. गाडीला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलेलं असताना दुकानात मिळालं ते जीएल-५ ओतलं, तर काही ऑइलमधली रसायनं पितळी कडी आणखी खातात. गिअर सुटत असेल तर मात्र क्लचकडे बघूच नये. त्याची कारणं झिजलेले दात, वाकलेला फोर्क किंवा ढिलं बेअरिंग अशी असतात.

गिअरबॉक्स आतून किती झिजलाय याचा अंदाज गिअर ऑइल काढतानाच येतो. ते स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात तिरकं धरावं. सोनेरी भुकटी चमकली तर सिंक्रोनायझर झिजतोय. ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक करडा लगदा चिकटणं नेहमीचंच आहे, पण पोलादाचा नखाएवढा जरी तुकडा निघाला, तरी ती गाडी लोडवर पाठवू नये.