नवापूरच्या फलाटावरची सीमा

खांडबाऱ्याहून सुरतेकडे निघालेली गाडी चिंचपाडा मागे टाकते आणि नवापूरला थांबते. तिथल्या फलाटावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांतून होते. लोक हौसेने त्या बाकावर फोटो काढून घेतात. मला मात्र थक्क करते ती वेगळीच गोष्ट. आसपासच्या पाड्यांवर घरोघरी बोलल्या जाणाऱ्या मावची, भिली, कोकणी या आदिवासी भाषांपैकी एकही त्या चारांत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नवापूरचा हा मुलूख ज्यात येतो तो खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. डोंगरातल्या भिल्लांनी हे राज्य मुकाट्याने मानलं नाही. तेव्हा १८२५ मध्ये कंपनीने भिल्लांचीच पलटण उभारली आणि ती आपला अधिकारी जेम्स आउट्रम याच्या हाताखाली दिली. पण बंदुकीपेक्षा खोलवर गेला तो कागद. १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आले. वनकायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचे व्यापक अधिकार दिले, आणि मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने दारूवरची सरकारी पकड घट्ट केली. पिढ्यानपिढ्या सणाला, लग्नाला, देवाला लागणारी मोहाची दारू घरी गाळणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. माणूस तोच, गाव तेच. सरकारदरबारी त्याची ओळख बदलली. विसावं शतक उजाडताना तापी खोऱ्यात रेल्वे आली. १९०७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा भिल्ल भाषांवरचा खंड छापून निघाला, आणि त्यात मावचीची नोंद झाली.

इंग्रजांनी प्रांत आखले होते ते जिंकत गेले तसे. एका मुंबई प्रांतात मराठी, गुजराती, कन्नड आणि कित्येक वर्षं सिंधीदेखील! त्याला उत्तर म्हणून काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्यांची रचना भाषेनुसार केली. लोकांच्या भाषेत लोकांचा कारभार, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. महाराष्ट्राने तिच्यासाठी रक्त सांडलं. मात्र १ मे १९६० रोजी ती प्रत्यक्षात उतरली तेव्हा नवापूर, नंदुरबार या बाजूची काही गावं सुरत जिल्ह्यात गेली. शेजारच्या डांगातली डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, यावर त्याआधी दोन्हीकडचे विद्वान हिरिरीने भांडले होते. सीमा भाषेवरून ठरली, पण ती ज्यांच्या शेतांमधून आणि सोयरिकींमधून गेली त्यांची भाषा त्या हिशेबात स्वतंत्र धरलीच गेली नव्हती.

या कहाणीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा टप्पा अगदी अलीकडचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. जंगलावरचा आपला पिढीजात हक्क मागणाऱ्या दावेदाराने पुरावा काय द्यायचा, याची यादी त्यांत आहे. तिच्यात जनगणना, गॅझेटिअर, नकाशे हे इंग्रजी अमदानीत रुजलेले कागद आहेतच. शिवाय जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली, लिहून घेतलेली साक्षसुद्धा आहे. दाव्यांच्या पडताळणीची सुरुवात ग्रामसभेपासून होते. जिथे बहुतांश कागद वनखात्याच्याच कपाटात राहिले, तिथे एखाद्या म्हाताऱ्या आजीने मावचीत सांगितलेली आठवण आता कायद्याने पुरावा म्हणून मांडता येते.