फाळक्याची कडी

बारामती-इंदापूर रस्त्यावर कधीमधी एखादी जुनी जीप दिसते; पुढून जीप, मागे मालाचा हौदा. तो गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात पत्रा आणि अँगल जोडून केलेला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच वंशातल्या या गाड्या. मालक इंजिनाचं कौतुक तासभर करील. मागच्या फाळक्याकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही.

फाळका खाली बिजागऱ्यांवर फिरतो, वर दोन कड्यांत अडकतो. खड्डा आला की साधा आकडा उसळतो, आणि डाळिंबांचे क्रेट नाहीतर भिगवणच्या मासळीच्या पेट्या मागच्या मोटारसायकलपुढे! त्या मोटारसायकलच्या टाकीवर बहुधा एक मूल बसलेलं असतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून कडीतून आरपार पिन हवी. ती वरून खाली घालावी, म्हणजे स्वतःच्या वजनानंच जागेवर राहते. टोकाला भोक पाडून क्लिप लावावी. पिन साखळीनं गाडीलाच बांधलेली बरी. नाहीतर बाजार समितीच्या आवारात ती हरवते, आणि तिच्या जागी तार येते. तार हळूहळू सैल होते. पाहिली जाते ती तुटल्यावर. फाळका आणि खांब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला तर खडखडाट थांबतो. त्यानंच कड्या झिजतात.

चढावर माल मागे सरकतो, तेव्हा तो पुढून रचावा आणि दोरानं आवळावा. सगळा भार फाळक्यावर नको. हौदा बदललेला असेल तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आठवण ठेवावी. बारामतीच्या एमएच ४२ कार्यालयात एक फेरी मारावी लागते.