समन्स परत गेलं, दावा थांबला नाही

शेताचा बांध, सामाईक भिंत किंवा हातउसने दिलेले पैसे यांवरून तालुक्याच्या कोर्टात दावा लागला, की गावातला पहिला सल्ला ठरलेला असतो: बेलीफ आला तर समन्स घेऊच नका, मग कोर्ट काय करणार?

इतका महागात पडणारा सल्ला दुसरा नाही. समन्स नाकारलं की बेलीफ त्याची प्रत घराच्या दाराला चिकटवतो. ती कुणासमक्ष चिकटवली आणि घर कुणी दाखवलं, हे लिहून कोर्टाला अहवाल देतो. कोर्टाची खात्री पटली की समन्स बजावलं असं धरलं जातं आणि दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज लागतो, शिवाय गैरहजेरीचं सबळ कारणही. जाणूनबुजून समन्स नाकारणाऱ्यानं ते आणायचं कुठून?

वकील लावला म्हणजे निवांत झालो, हेही खरं नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. ही कमाल मर्यादा अगदीच अभेद्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये म्हटलं, पण सवलत अपवादानंच द्यावी, असंही बजावलं.

बांधाच्या भांडणात लोक सातबारा पुढे करतात. विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्यावरची नोंद खरी धरली जाते, हे बरोबर. पण मालकी त्या नोंदीतून जन्मत नाही. ती खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसा यांवरून ठरते. बांध नेमका कुठे, हे तर मोजणीशिवाय कळतच नाही. म्हणून कोर्ट अनेकदा भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला कोर्ट कमिशनर नेमून नकाशा मागवतं.

सगळ्यात मोठा गैरसमज निकालाचा. हुकूमनामा हाती आला की पैसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ मध्येच नोंदवलं होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. पैशांच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत देता येते, पण तेवढं थांबण्यात शहाणपण नाही. स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यापुरती गुरं जप्त होत नाहीत. जप्त काय करायचं, ते दरखास्तदारानंच दाखवायचं असतं. माहिती नसेल, तर देणेकऱ्यानं आपली मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी, असा अर्ज त्याला करता येतो.