मन किती वर्षं वाढतं?

या रे दोघं, बसा इथे. मघाशी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीची खूण केली, तेव्हा तू विचारलंस ना गं, "आजोबा, तुमची खूण कुठाय?" माझी खूण नाही, कारण माझी उंची कधीच थांबली. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. ती वाढत राहते तोवर माणूस उंच होतो. वयात आल्यावर काही वर्षांनी तिचंही हाड होतं आणि उंची तिथंच थांबते. पण माणसात आणखी एक वाढ चालू असते. तिची खूण चौकटीवर करता येत नाही. आज तिची गोष्ट.

आधी एक गंमत करू. ही दोन सारखी फुलपात्रं. दोन्हींत सारखंच पाणी आहे ना? नीट बघ. आता एकातलं पाणी मी या उंच पेल्यात ओततो. सांग, जास्त कशात?

"पेल्यात!"

दादा, हसू नकोस. तू चार वर्षांचा होतास तेव्हा याच ओट्याशी उभा राहून हेच म्हणाला होतास. तिला दिसतंय ते तिनं बरोबर सांगितलं. पाणी वर चढलेलं तिच्या डोळ्यांत भरलं, आणि पेला अरुंद आहे ही गोष्ट त्याच वेळी मनात धरून ठेवायला तिचं मन अजून तयार नाही. तू मात्र मनातल्या मनात पाणी उलट फुलपात्रात ओतून बघतोस. ती युक्ती तुला कुणी शिकवली? कुणीच नाही. साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास ती मुलांना आपोआप जमू लागते. स्वित्झर्लंडमध्ये झां पियाजे नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतःची तीन मुलं पाळण्यात असल्यापासून न्याहाळली आणि पुढं शेकडो मुलांना असेच प्रश्न विचारले. मुलांच्या चुकीच्या उत्तरांत त्यांना मनाच्या वाढीचा नकाशा सापडला. चूक इतक्या आदरानं ऐकून घेणारी माणसं थोडी.

तू आठ महिन्यांची व्हायच्या आधी खुळखुळ्यावर रुमाल टाकला की शोधायचीच नाहीस. दिसत नाही म्हणजे तुझ्या लेखी तो नाहीच. नंतर एक दिवस रुमाल ओढून काढलास, आणि तेव्हापासून आई स्वयंपाकघरात गेली की तिच्यासाठी रडायला लागलीस. कारण आता तुला कळलं होतं की आई दिसत नसली तरी आहे. त्या रडण्याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

पियाजे बुद्धीकडे बघत होते. माणसाच्या सगळ्या आयुष्याकडे बघणारा दुसरा एक माणूस होता, एरिक एरिकसन. १९०२ साली जर्मनीत जन्मला. आपले खरे वडील कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. तरुणपणी चित्रं काढत गावोगाव भटकला. 'मी कोण?' हा प्रश्न त्याला फार छळायचा, म्हणूनच बहुधा तो प्रश्न त्यानं सगळ्या जगासाठी नीट मांडला. तो म्हणाला, प्रत्येक वय माणसाच्या दारावर आपला एक प्रश्न घेऊन येतं. तान्ह्या बाळाचा प्रश्न: मी रडलो तर कुणी येईल का? दोन वर्षांच्या मुलाचा: माझं मला करू द्याल का? तुझं ते 'माझं मी, माझं मी' आठवतं का गं? फ्रॉकचं बटण चुकीच्या काजात जायचं, शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असायची, तरी आजी हात मागे बांधून उभी राहायची. ते बटण फार महत्त्वाचं होतं. एरिकसननं अशी आठ वयं सांगितली, थेट म्हातारपणापर्यंतची.

हे प्रश्न एका खऱ्या आयुष्यात कसे येतात ते बघू. आपल्या कोथरूडच्या चौकातले पुतळ्यातले आजोबा आठवा. ते महर्षी धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. १८५८ सालचा जन्म. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा लाजाळू, अंगानं किरकोळ. सतरा वर्षांचा असताना १८७५ साली तो परीक्षेसाठी मित्रांबरोबर भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला. शंभर मैलांहून जास्त वाट होती. तिथल्या परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. दाखला जवळ होता, तरीही! बघा, त्यांनी चौकटीवरची खूण तेवढी पाहिली. आतला मुलगा त्यांना दिसलाच नाही. अण्णा पुढं मॅट्रिक झाले ते तेविसाव्या वर्षी, मग बी.ए., आणि १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक.

एरिकसनच्या हिशेबात आधी 'मी कोण' आणि मग 'माझं माणूस कोण'. आपल्याकडे त्या काळी हा क्रम उलटा होता. अण्णांचं लग्न चौदाव्या वर्षीच लावून दिलं होतं. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. दोन वर्षांनी अण्णांनी स्वतः विचार करून गोदूबाईंशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या आणि लहानपणीच विधवा झालेल्या होत्या. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडनं बहिष्कार घातला, अण्णांच्या आईलाही सोसावं लागलं. मला वाटतं, अण्णांचे ते दोन्ही प्रश्न पस्तिसाव्या वर्षी एकाच दिवशी सुटले. म्हणून वयाच्या पायऱ्या जिन्यासारख्या पक्क्या समजू नका. समाज त्या पुढंमागं करतो.

पुढचा प्रश्न मधल्या वयाचा: माझ्यामागून येणाऱ्यांसाठी मी काय करतो? १८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. तिथं होती एक झोपडी. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं.

आश्रमात गोदूबाईंची बहीण होती, पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पंचविशी उलटल्यावर त्या अक्षरं शिकल्या, म्हणजे शाळेच्या वयाची पायरी त्यांच्या वाट्याला वीस वर्षं उशिरा आली. पण आली तशी त्यांनी ती चढली. आश्रमासाठी त्या गावोगाव हिंडून भाषणं करू लागल्या, आणि १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. एखाद्या वयाचा प्रश्न सुटायचा राहिला तर दार कायमचं बंद होत नाही, हे मला एरिकसनच्या पुस्तकापेक्षा पार्वतीबाईंनी जास्त पटवलं.

आणि म्हातारपण? मला नावं आठवायला हल्ली वेळ लागतो, तुमच्या लक्षात आलंच असेल. मनाचा वेग तरुणपणानंतर हळूहळू कमी होतो. पण शब्दांचा साठा साठीपर्यंत आणि बऱ्याचदा त्याही पुढं वाढत राहतो. या शेवटच्या वयाचा प्रश्न असतो: झालं ते आयुष्य माझं म्हणून मला मान्य आहे का? अण्णांनी महिला विद्यापीठ काढलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. एकाहत्तराव्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले. १९३६ साली त्यांचं 'लुकिंग बॅक' हे इंग्रजी आत्मचरित्र आलं. नाव मागे वळून बघणारं, पण त्याच वर्षी त्यांनी खेड्यातल्या मुलांच्या शाळांसाठी मंडळ काढलं, आणि शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. ते हयात असताना त्यांचं चित्र टपाल तिकिटावर आलं.

१९६२ साली एरिकसन अहमदाबादला आला होता, माणसाच्या जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पुण्यात अण्णा गेले. वय १०४.

हिंगण्याची ती झोपडी आताच्या कर्वेनगरला संस्थेच्या आवारात अजून जपून ठेवली आहे. रविवारी सकाळी आपण तिघं बघायला जाऊ. आणि हो, रिक्षा करायची नाही. चालत जायचं.