संप्रेरकाची रसद

प्रोस्टेटच्या कर्करोगास वृषणांतून मिळणारी संप्रेरकाची रसद तोडली की तो हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. परंतु पुढे हा बिलंदर रोग अधिवृक्क ग्रंथींतून, किंबहुना स्वतःच्याच पेशींतून, ती मिळवू लागतो. तो मार्ग रोखणाऱ्या अबिराटेरोनची परीक्षा केमोथेरपीलाही न जुमानणाऱ्या १,१९५ रुग्णांवर झाली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तोतया गोळी घेणाऱ्यांची १०.९ महिन्यांची मध्यक आयुर्मर्यादा औषध घेणाऱ्यांत १४.८ महिने भरली. चार महिने थोडे, असे निरोग्यानेच म्हणावे!

गुरुग्रामच्या एखाद्या रुग्णालयात अशाच नव्या औषधाच्या चाचणीचा संमतिलेख पुढ्यात आला, तर सही करण्यापूर्वी सीटीआरआय या भारतीय चाचणी-नोंदवहीतील नोंदणी क्रमांक आणि अपाय झाल्यास मिळणाऱ्या नुकसानभरपाईची तजवीज बेलाशक विचारावी. औषध-चाचण्यांविषयीच्या २०१९च्या नियमांनी भरपाईचा हक्क दिलेला आहे.